सात फड्यांची राख

आमच्या आणि शेजारच्या घरात मधे नुसता तुराट्यांचा कूड. त्यामुळं ते भांडण मला चुलीपाशी बसून अक्षरन् अक्षर ऐकू आलं.

"पंचफुलाबाई, आशीर्वाद झालेल्या झावळ्या तुमी बाजारात इकल्या!" मास्तर ओरडून राहिले होते.

"झावळ्या न्हाई, फडे इकले. सात. लोकायनं हासत नेले."

मास्तर म्हणजे संतराम, आमच्या वस्तीतल्या चर्चचे प्रचारक. फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर मिस्सा करायला यायचे. बाकीचे दिवस देवाचा कारभार मास्तरांकडं, आणि देवापेक्षा त्यांचाच धाक जास्त. पंचफुला माझी जाऊ. तिचा नवरा खेमा, माझा चुलत दीर, तिथंच उभा असणार. पण त्याचा आवाज कधी ऐकू यायचाच नाही.

गोष्ट पंच्याण्णव सालची. झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आठवडाभर आधी, आम्ही ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या हलवतो. फादर त्यांवर पाणी शिंपडतात. मग वर्षभर त्या घरात येशूच्या फोटोमागं खोचलेल्या. पुढच्या साली उपासाचे दिवस सुरू होताना राखेचा बुधवार आला की सगळ्या गोळा करून जाळायच्या आणि तीच राख कपाळाला लावायची. आता आमच्या वस्तीचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा शिंदीचे फडे, म्हणजे झाडू, बांधायचा. खेमानं घरोघरच्या झावळ्या आणून अंगणात टाकल्या अन् तो शेळ्या बघायला गेला. पंचफुलाला शिंद दिसली. जुनी आत भरली, ताजी वरून लावली, वर लाल चिंधी आवळली आणि कुरुंद्याच्या बाजारला गेली. तिला वाटलं नवऱ्यानं मालच आणला.

"खेमा," मास्तर म्हणाले, "पुढच्या झावळ्यांच्या रविवारी शिंद तू आणायची न्हाई. दुसरा माणूस बघतो."

खेमाला वाचता येत नव्हतं, गाणं म्हटलं तर पोरं हसायची. चर्चमधलं त्याचं म्हणावं असं तेवढं एकच काम. शिंदीच्या काट्यांनी त्याचे हात चाळणी झालेले, पण त्या रविवारी झावळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं तो चालायचा.

सकाळी बघते तर खेमा सात नवे फडे खांद्यावर टाकून निघालेला.

"भाऊजी, कुटं?"

"बदलून आणतो, वैनी."

लाल चिंधी बघत तो कुरुंद्यात दारोदार फिरला. चाँद पाशा किराणावाले, त्यांच्या घरात दोन फडे गेलेले. त्यांची बायको अजरा त्याच्याकडं बघतच राहिली.

"भाईजान, नवा देऊन जुना कोण नेतं? याला काय सोनं लागलंय?"

खेमानं सांगितलं, हे देवाचं हाय. तिनं कपाळावर हात मारला. "अल्ला! मी तर शेळीच्या लेंड्या लोटल्या की याच्यानं!" मग दोन्ही फडे हापशावर धुतले, कपड्यात गुंडाळले आणि दोन्ही हातांनी दिले.

बुधवारी फादर आले तेव्हा चर्चच्या दारात सहा फडे आणि शेजारी खेमा. मास्तरांनी सगळा गुन्हा वाचून दाखवावा तसा सांगितला.

"सातवा?" फादरनी विचारलं.

"डोंगरकड्याच्या एका बाईनं नेला, फादर. मोटारीत बसून गेली. नाव ठाव न्हाई."

मागून पंचफुला बोलली, "तिच्याकडं रोज पवित्र झाडलोट चालू असंल."

आधी फादर हसले, मग सगळे. "झाडू द्या तिला," ते म्हणाले. "मास्तर, यंदा शिंद कोण आणणार?"

मास्तरांनी घसा साफ केला. "त्या काट्यात हात घालाया खेमाबिगर हाय कोण?"

सहाही फडे चिंधीसकट जाळले. कुरुंद्याच्या घरांत झाडलेल्या हळदीचं भुसकटही त्या राखेत असणार. कपाळाला लावली तेव्हा मला तरी वेगळं काही वाटलं नाही. फादरचं प्रवचन मात्र खिशातच राहिलं. बारा मिनिटं ते घर झाडण्यावरच बोलले, आणि पहिल्यांदाच कुणी डुलकी काढली नाही.

तेव्हापासून झावळ्या गोळा करताना खेमा प्रत्येक घरी एक नवा फडा द्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं. भारा अंगणात टाकायचा नाही, थेट चर्चमधल्या उंच खुंटीला. पंचफुला म्हणायची, "माझा हात पोचू नाई म्हणून." ती गेल्यावर फडे तोच बांधायला लागला. गाठ जरा ढिली यायची.

दोन हजार सात साली राखेच्या बुधवाराआधी, सोमवारी खेमा झोपेतच गेला. शनिवारी तो माझ्या दारात आला होता. दम लागलेला. नवा फडा उंबऱ्याशी उभा केला. फोटोमागची झावळी माझ्या हाताला येईना, ती त्यानं काढली, धूळ फुंकली, भाऱ्यात खोचली.

"चहा घ्या, भाऊजी."

"अजून नऊ घरं हायत, वैनी. दार लावून घ्या, शेळी आत येईन."

मी दार लावलं. त्याच संध्याकाळी चर्चमध्ये गेले तर भारा खुंटीला होता.