चार नंबर चॅनलवरचा आवाज

आधीच सांगते, मी या सदरातले अनुभव वाचते ते जेवण झाल्यावर, बडीशेप खात, आणि बऱ्याच वेळा हसते. राग मानू नका. सासर-माहेर दोन्हीकडे आम्ही बौद्ध. भूत, अंगात येणं, नजर लागणं... हे आमच्या घरात कोणी बोललं तर माझे वडील ताटावरून उठवायचे. त्यात माझा धंदा साउंडचा. जाम या गावी, हायवेवर, आमची साउंड सर्व्हिस आहे — मिक्सर मी सांभाळते, स्पीकर आणि जनरेटर माझा नवरा दिलीप. या धंद्यात विचित्र आवाज रोजचेच. कुठून तरी घूंऽऽ येतं, मध्येच रेडिओ लागतो, बंद माइक खरखरतो. प्रत्येक वेळी कारण सापडतं. अर्थिंग नसतं, वायर तुटलेली असते, नाहीतर दिलीपने काहीतरी उलटं जोडलेलं असतं.

म्हणूनच ही गोष्ट लिहायला बसले आहे. कारण याच एका वेळी मला कारण सापडलेलं नाही.

समुद्रपूरजवळच्या एका गावात सुखदेव काका राहतात. नात्यातले नाहीत, पण आमच्या भागात त्यांना काका न म्हणणारा माणूस मिळणं कठीण. शेती करायचे आणि गायचे. लग्न कोणाचंही असो, पाठवणीच्या वेळी काका उभे राहणार आणि स्वतः रचलेलं एक गाणं म्हणणार, हे ठरलेलं. बाप लेकीला निरोप देतो, एवढाच त्यातला विषय. मी शेकडो लग्नांत हजारो गाणी ऐकली असतील, पण काकांनी सूर लावला की माझा हात मिक्सरवरून आपोआप बाजूला व्हायचा. त्या आवाजाला सुधारायची गरजच नसायची. माझ्या लग्नातही तेच गायले होते, आणि माझे वडील — जे कधी रडत नाहीत — मंडपाच्या मागे जाऊन तोंड धुऊन आले होते.

काकांना एकच मुलगी, प्रणाली. ती लहानपणी दर लग्नात विचारायची, "बाबा, माह्या लग्नात कोन म्हनन?" आणि काका म्हणायचे, "मीच म्हनन. दुसरा कोन म्हनन?"

मग काकांना घशाचा कॅन्सर झाला. सेवाग्रामला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक, त्यावर पातळ सुती रुमाल. ओठ हलतात, आवाज येत नाही. ओठांवरचं फक्त त्यांच्या बायकोला, शांता काकूंना, वाचता येतं, त्या मोठ्याने सांगतात. सगळ्या तालुक्याला रडवणारा माणूस पाणी मागायला ताटलीवर चमचा वाजवायला लागला, हे मला बघवायचं नाही. मी सहा महिने त्यांच्याकडे गेलेच नाही.

आणि काका काय करत होते माहीत आहे? गिटार शिकत होते! त्यांचा नागपूरचा भाचा, रोशन, दवाखान्यात भेटायला येताना आपली गिटार घेऊन आला, करमणूक म्हणून. मामांनी ती परत दिलीच नाही. मोबाइलवर बघून बघून, साठीच्या वयात, औषधांनी हुळहुळी झालेली बोटं घेऊन या माणसाने आपलं ते एक गाणं तारांवर बसवलं. दुसरं काही येत नाही. एकच गाणं, पण काय वाजवतात! प्रत्येक हरकत, श्वास घ्यायला थांबायचे ती जागासुद्धा. प्रणालीचं लग्न ठरलं तेव्हा काकूंचा मला फोन आला.

"बाई, त्याईले पोरीच्या लग्नात वाजवाचं हाय. पन आवाज इतका हळू येते का चुलीपाशी बसलेल्या मले आयकू येत नाई. तू काई करशीन का?"

करशीन का! मी त्याच दिवशी कामाला लागले.

गिटारसमोर माइक लावून बघितला तर काका इतकं हलकं वाजवतात की माइकचा आवाज वाढवावा लागे, आणि वाढवला की तो शिट्टी मारे. लग्नाच्या गोंगाटात तर विचारायलाच नको. गिटारमध्ये कायमचं यंत्र बसवावं तर रोशनने बजावून ठेवलेलं — "ताई, गिटारले भोक पाडू नका बरं." मग मी काढता-घालता येणारा पिकअप मागवला. गिटारच्या पोटावर जे गोल तोंड असतं ना, त्यात तारांच्या खाली आडवी बसणारी ही काळी पट्टी. दोन स्क्रू आवळले की बसली, सैल केले की निघाली, लाकडावर ओरखडा नाही. आत चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. वर स्टीलची तार हलली की वेटोळ्यात करंट तयार होतो, तो वायरने माझ्या मिक्सरमध्ये येतो. याला फक्त स्टीलची तार कळते. तुम्ही शेजारी उभं राहून बोंबलला तरी त्याला पत्ता लागत नाही, म्हणून मंडपात शिट्टीची भीती कमी. एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावर आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्या अंगणात तपासून पाहिलं. काकांनी एक तार छेडली आणि स्पीकरमधून असा खणखणीत, स्वच्छ सूर आला की काका दचकून मागे बघायला लागले, कोण वाजवतंय म्हणून! मग हसले. पोट हलत होतं, आवाज नव्हता, पण मनापासून हसले. काकूंनी पदर डोळ्याला लावला. माझ्या सामानातली वस्तू रात्री बाहेर ठेवायची नाही हा माझा नियम, म्हणून पिकअप काढून मी पेटीत टाकला आणि आम्ही जामला आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न. त्रिशरण-पंचशील झालं, जयमंगल गाथा झाली, जेवणं झाली. वीज गेलेली, जनरेटर धडधडतोय, पोरं ओरडतायत. पाठवणीची वेळ झाली तशी मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला मिक्सरपाशी होते. दिलीपला ओरडून सांगितलं, पिकअप तू बसव. त्याने तारा जरा ढिल्या करून बसवला, काकांनी तारा पुन्हा जुळवल्या, दिलीपने मला अंगठा दाखवला. लग्न लावणाऱ्या भन्तेजींचा माइक मघापासून शिट्टी मारत होता, तो मी बंद केला आणि त्याची वायरच उपटून ठेवली. निवेदकाचाही बंद. फक्त चार नंबर चॅनल चालू. काकांची गिटार.

प्रणाली गाडीपाशी पोचली होती. काकांनी वाजवायला सुरुवात केली.

कसं सांगू... आदल्या दिवशीचा आवाज खणखणीत होता. हा वेगळा होता. भरदार, उबदार, थोडा खालच्या अंगाचा. मला वाटलं, वा, काय सेटिंग केलंय मी! खरंच, मनातल्या मनात मी माझीच पाठ थोपटली. चार नंबरचा हिरवा दिवा प्रत्येक सुराबरोबर लुकलुकत होता. जनरेटर चालू होता, पण कोणाला ऐकू येईना. स्वयंपाकाच्या बाजूला भांडी घासणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. रस्त्यापलीकडचा पानठेलेवाला, गिऱ्हाईक सोडून, हात पुसत मंडपाच्या तोंडाशी आला. वराकडच्या माणसांनी काकांना कधी ऐकलेलं नव्हतं, तीही खुर्च्यांवरून उठली.

प्रणालीने गाडीच्या दारावरचा हात काढला, परत चालत आली आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून शेवटच्या सुरापर्यंत उभी राहिली. काका रडत नव्हते. मान ताठ, डोळे मिटलेले. गायचे तेव्हाही असेच उभे राहायचे. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की जणू मीच त्यांची लेक.

गाडी गेली. लोक पांगले. मी पिकअप काढायला स्वतः गेले. गिटार हातात घेतली आणि बघतच राहिले.

तारा पांढऱ्या. नायलॉनच्या.

मला वाटलं रोशनने आत्ता बदलल्या असतील. त्याला हाक मारली.

"रोशन, तारा कधी बदलल्या रे?"

"सकाळीच बदलल्या ना ताई. मामाचं बोट फाटलतं, रातभर प्रॅक्टिस करून राह्यलते. रक्त येत होतं. मामी म्हने, काईतरी कर. म्हनून मी या आनल्या. या मऊ राह्यते बोटाले. काऊन, काई चुकलं का?"

चुकलं? अरे बाबा! नायलॉनच्या तारेला चुंबक ओळखतच नाही. प्लास्टिकची दोरी ताणून बसवल्यासारखंच ते. त्याला बिचाऱ्याला या चुंबकाच्या पिकअपचं माहीतच नव्हतं, पिकअप रात्री माझ्या पेटीत होता. आणि दिलीप? "मले वाटलं जराशा जाड हायेत," म्हणे! त्याला तार म्हणजे तार. कपडे वाळत घालायचीही तारच.

मी तिथल्या तिथे पिकअप परत जोडला, चार नंबर उघडला आणि तारा छेडल्या. काही नाही. आवाज शेवटापर्यंत नेला. नुसती बारीक सरसर. खालच्या सुराच्या तीन तारांवर धातूचं वेष्टन होतं, ते स्टीलचं असेल म्हणून जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणून लावून पाहिलं. चिकटेना. हिरवा दिवा मेल्यासारखा. दिलीपने इकडेतिकडे बघून जनरेटरला हात जोडले आणि खोटं का बोलू, पहिल्यांदाच मी त्याला अडवलं नाही.

तुम्ही म्हणाल, गिटारचा नुसता आवाज असेल, तुम्हाला भास झाला. जी गिटार चुलीपाशी ऐकू जात नव्हती, ती जनरेटरवरून रस्त्यापलीकडे जाते का? लोकांच्या मोबाइलवरचे व्हिडिओ आहेत. स्पीकरशेजारी उभं राहून काढलेल्यात आवाज मोठा, काकांजवळून काढलेल्यात लहान. म्हणजे स्पीकरमधूनच आला. हिंगणघाटच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर आमचे गिऱ्हाईक आहेत. त्यांनी सांगितलं, काही पिकअप धक्क्यानेही थोडे वाजतात, लाकूड हललं की. मी त्यांना घरी बोलावून करून दाखवलं. पिकअपवर टिचकी मारली की टक् येतं, बरोबर. तार छेडली की काही नाही. सरांनी स्वतः तासभर खटपट केली, दोन कप चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, मग मला नाही माहीत." मला ते आवडलं. उगीच काहीतरी ठोकून दिलं नाही.

काकांना सांगावं की नाही, हे मला कळेना. इतक्या मेहनतीने वाजवलं, आणि मी जाऊन म्हणायचं की तुमचा आवाज यायलाच नको होता? पण मनात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. काही आठवड्यांनी छोटा स्पीकर घेऊन गेले, त्याच नायलॉनच्या तारांखाली पिकअप लावला आणि म्हटलं, वाजवा. काकांनी तेच गाणं वाजवलं. पिकअप गप्प. स्पीकर गप्प. अंगणात नुसता गिटारचा बारीक आवाज, शेजारच्या कोंबड्यांनीही मान वर केली नाही. मग मी सगळं सांगितलं. चुंबक, स्टील, नायलॉन, व्हिडिओ, सर, सगळं.

काका शांतपणे ऐकत होते. एखादा आपली दुखणी सांगत बसतो तेव्हा ऐकावं तसं, माझीच काळजी केल्यासारखं. मग त्यांचे ओठ हलले. काकूंनी सांगितलं:

"ते म्हनून राह्यले, पोरीले आयकू गेलं ना?"

"गेलं ना काका. गाडीपासून परत आली ती."

काकांनी मान हलवली. स्वतःच दोन्ही स्क्रू सैल केले, पिकअप काढला, रुमालाने पुसला आणि माझ्या हातात दिला. पुन्हा ओठ हलले, या वेळी हसत.

"म्हनते, मंग तू काऊन एवढा डोक्याले तरास करून घेते बाई? घेऊन जा. दुसऱ्या कोन्या बापाच्या कामी येईन. आन चहा घेतल्याबिगर जाजो नको."

चहा घेतला. कसला छान झाला होता.

उत्तर माझ्याकडे आजही नाही. कोणाकडे असेल तर खाली जरूर लिहा, पण अर्थिंग म्हणू नका, ते मी तपासलंय. आत्मे, चमत्कार असलं काही मी अजूनही मानत नाही. पिकअप माझ्या पेटीत आहे. स्टीलच्या तारांवर उत्तम वाजतो, नायलॉनवर गप्प बसतो, बसायलाच हवा. त्या एका दुपारी तेवढा तो बसला नाही. प्रणालीच्या बापाने तिला 'मीच म्हनन' असा शब्द दिला होता, आणि त्या दुपारी गप्प बसून चालण्यासारखं नव्हतं.