थंड पाण्यातली झालर

माझ्या मुलीला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. आमच्या भागात हे काही नवलाचं नाही, दर दोन-चार घरांआड कुणीतरी सापडतंच. ती दोन वर्षांची असताना कळलं. तेव्हा डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या: पाणी भरपूर पाजा, ताप अंगावर काढू नका आणि थंडी लागू देऊ नका. पहिल्या दोन सोप्या होत्या. तिसरी अर्जुनी मोरगावच्या बाजूला, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या आणि तलाव असलेल्या गावात, पौषात कशी पाळायची ते त्यांनी सांगितलं नाही.

मग मीच ठरवलं की हिवाळाभर हिने घरातच बसायचं. इतर पोरं कापणी झालेल्या बांध्यांत हुंदडायची आणि ही दोन स्वेटर, कानटोपी, मोजे घालून ओसरीवर. नुसती बसवली तर रडायची. म्हणून हाताला काम देत गेले. जुन्या लग्नपत्रिकांच्या चांदण्या कापायच्या आणि शिताने चिकटवायच्या. गोंद विकत आणायची गरजच नाही, गरम भात बोटाने चुरडला की झालं. आगपेटीची बैलगाडी, तिला औषधाच्या बाटलीच्या झाकणांची चाकं. पळसाच्या पानांचे द्रोण, हिरवी पानं मिळाली तर. तिचे हात चांगले होते. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. मी तोंडाची फटकळ, कौतुक करायची मला सवय नाही.

ती चौथीत होती. तालुक्याच्या कॉन्व्हेंटात जायची, म्हणून नाताळची आठवडाभर सुट्टी. शाळेने सांगितलं होतं, घरात मिळेल त्या वस्तूची एक हस्तकला करून आणा. ती म्हणाली, "माय, चांदन्या साऱ्याच आनतीन. मले येगळं काई तरी सांग."

मी तिला झालर शिकवायची ठरवली. धानाच्या लोंब्यांची झालर माझे वडील फार देखणी करायचे. चुरणीआधी, म्हणजे मळणीआधी, चांगल्या भरलेल्या लोंब्या वीतभर काडीसकट बाजूला काढायच्या. तीन काड्यांची वेणी घालायला घ्यायची आणि दर पेडाला एक नवी लोंबी आत घ्यायची, म्हणजे लोंब्या एका अंगाला लोंबत राहतात. ती दारावर टांगायची. चिमण्या येऊन दाणे खातात, आणि नव्या धानाचा पहिला घास पाखरांनी खाल्ला की घराला बरं, असं मानतात. पण काडी कोरडी असली तर कडकन मोडते. ती रात्रभर भिजवावी लागते, आणि विणताना बोटंही सतत ओली ठेवावी लागतात. वडील म्हणायचे, पाणी थंडच पाहिजे. गरम पाण्याने तणस, म्हणजे धानाची काडी, मरते, दाणे झडतात. ते शब्द मी गाठीला बांधले होते.

तिचे बाबा लोंब्या घेऊन आले. मी घमेल्यात पाणी भरलं, काड्या बुडवल्या आणि घमेलं रात्रभर अंगणात दवात ठेवलं. सकाळी ऊन नीट वर यायच्या आत आम्ही मायलेकी बसलो. तिचे बाबा खळ्यावर गेले होते. तिने स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.

थोड्या वेळाने म्हणाली, "माय, पानी लय थंडं आहे वं. जरासं गरम टाकू का?"

"काई नको. गरम पान्यानं तनीस मरते."

"बोटं दुखून राहिले."

"नवं काम शिकाले बसलं का दुखतेच. बोटं बुडव, नाई तं काडी तुटते."

या मुलीच्या अंघोळीचं पाणी मी रोज कोपर बुडवून पाहायची. कुठे गार तर नाही ना, म्हणून. आणि त्या सकाळी समोर घमेल्यात तिची बोटं पांढरी पडत होती तरी मला दिसत होती ती फक्त वेणी. थंडी म्हणजे वारा, थंडी म्हणजे तलाव, अंगणाबाहेरची काहीतरी गोष्ट, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. घरच्या घमेल्यात ती असेल हे सुचलंच नाही. दीडएक हात वेणी झाल्यावर मी पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या बाबापेक्षा चांगली करून राहिली तू." जन्मात पहिल्यांदा कौतुक केलं असेल. त्यानंतर ती उठायलाच तयार नव्हती. जेवणवेळेपर्यंत विणत राहिली.

दिवेलागणीला तिची बोटं दुखायला लागली, मग हात, मग पाठ. मग कंबर आणि जांघ. ती ओरडत नव्हती, नुसतं हूं हूं करायची, आणि ते ऐकवत नव्हतं. तिच्या बाबांनी मोटरसायकल काढली. तिला आमच्या दोघांच्या मध्ये बसवून अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं. तिथून गाडी करून गोंदियाला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि विचारलं, "ठंड कैसे लगी? पानी में थी क्या?"

मी म्हणाले, "खेली होगी पानी में, मॅडम. सुनतीच नहीं."

का म्हणाले? भीती वाटली. आई असून इतकं कळलं नाही, असं त्या बाई म्हणतील याची. तिचे बाबा शेजारीच उभे होते, त्यांची भीती त्याहून जास्त वाटली. मुलगी डोळे उघडे ठेवून पडली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

बाबा वाकून म्हणाले, "कायले गेली होतीस वं पान्यात?"

ती म्हणाली, "चूक झाली, बाबा."

नऊ वर्षांची होती ती.

बारा दिवसांनी घरी आणली. झालर अर्धीच राहिली होती, मी ती चुलीत घातली. त्या दुखण्यात तिच्या डाव्या खुब्याच्या हाडाला रक्त पोचलं नाही, असं पुढे गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं. ते हाड हळूहळू झिजत गेलं. सातवीपासून ती लंगडते. आणि ती अंगण ओलांडताना दिसली की तिचे बाबा म्हणतात, "त्या दिवशी पान्यात नसती गेली तं..." रागाने नाही, हळहळून म्हणतात. अख्ख्या मोहल्ल्याला तोंडावर सुनावणारी मी, तेवढ्या वेळी चुलीतलं लाकूड पुढे सारत बसते.

आता ती गोंदियात लहान मुलांना शिकवते. परवाच्या नाताळात सुट्टीला आली. गल्लीतली पाच-सहा पोरं ओसरीवर जमवली आणि म्हणाली, झालर करू. चुलीवरचं पाणी तिने घमेल्यात ओतलं, वाफ निघत होती. मी सवयीने बोलून गेले, "गरम पान्यानं तनीस मरते."

"नाई मरत, माय," ती म्हणाली. "मी करून पाह्यलं. उलट लवकर नरम होते."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

तिचे बाबा खाटेवरून पोरांना सांगत होते, "थंड्या पान्यात हात घालजा नोका रे. हे मॅडम लहानपनी ऐकत नोहती, पाहा आता पाय."

पोरं तिच्या पायाकडे पाहायला लागली. मीही पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं वाटलं; तोंड उघडलंसुद्धा.

ती हसून म्हणाली, "हो ना बाबा, चूकच झाली होती." आणि वेणीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर माय, घट्ट धर."

मी धरलं. काडी तुटू नये म्हणून बोटं घमेल्यात बुडवली. पाणी चांगलं ऊन होतं.