घोट्याइतकं पाणी

पडदा वर जातो तेव्हा आधी दिसते ती पैनगंगा. दसरा होऊन गेला, तरी तिचं पाणी गढूळच आहे. परतीचा पाऊस वर कुठंतरी कोसळला असावा. अलीकडं आदिलाबाद जिल्ह्यातलं गाव, पलीकडं यवतमाळचा मुलूख. भोयानं नाव वाळूत ओढून खुंटाला बांधून टाकली आहे. घाटावरून वर येणाऱ्या वाटेवर चंपतरावांचं दुकान, पुढं मीठ, गूळ, रॉकेल, विड्या आणि मागच्या खोलीत पहिल्या वेचणीच्या कापसाचा कमरेइतका ढीग. त्या ढिगावर डोळे मिटून पडलेली बाई म्हणजे महिपतची बायको प्रयागबाई. साल छप्पन्न. नवी राज्यं व्हायला आठवडा राहिला आहे.

चंपतराव तरुणपणी आदिलाबादेत आलेल्या एका नाटक कंपनीबरोबर पळून गेले होते. काम मिळालं पडदा ओढण्याचं. पण पडद्यामागं त्यांना जे दिसलं, ते पुढं बसलेल्या लोकांना कधीच दिसलं नाही. रंगभूमीवर डरकाळ्या फोडणारा राजा विंगेत थरथरायचा. नायिकेचं काम करणारा देखणा पोरगा पहिल्या प्रवेशाआधी हटकून ओकायचा. कंपनीत नजरबंदीचे खेळ करणारा एक म्हातारा होता. लोक त्याला मेस्मेरिझमवाला म्हणत. त्यानं चंपतरावांना शिकवलं, माणसाची नजर एका जागी कशी बसवायची आणि आवाज हळूहळू खाली कसा आणायचा, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल कसा करायला लावायचा. मग राजा असो की नायिका, चंपतरावांच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणी रंगभूमीवर पाऊल ठेवीना.

कंपनी मोडली, चंपतराव गावी आले, दुकान टाकलं. अठ्ठेचाळीस साली रझाकारांचे दिवस गेले, निजामाचं राज्य हिंदुस्थानात आलं, पण गेलेली झोप लोकांच्या डोळ्यांत परत आली नाही. भांडं पडलं तरी जाणते पुरुष उठून दाराकडं धावत. तेव्हा चंपतरावांनी मागची खोली उघडली. माणसाला कापसावर निजवायचं, आढ्याला दोऱ्यानं पितळी वजन टांगायचं आणि त्याकडं बघायला लावून बोलत राहायचं. लोक हसत, ‘चंपतभाऊ वजन दाखवते अन् झोप देते, तेबी फुकट.’ पण येत सगळेच.

प्रयागबाई नदीकाठच्या तुकड्यात वांगी-मिरच्या लावणारी, बाजारात बसून विकणारी, तोंडानं खमकी बाई. तिची एकुलती एक लेक मालन उन्हाळ्यात पलीकडच्या गावी दिलेली. ही तिची पहिली दिवाळी. आणि नेमकी तेव्हाच बातमी आली, अलीकडचं आंध्रात आणि पलीकडचं मुंबई राज्यात. गावानं त्याचा एकच अर्थ लावला. निजामाच्या वेळी या काठावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. बाईच्या डोक्यावरची टोपलीसुद्धा तिथं उपसून बघत. याच काठानं अठ्ठेचाळीसात लोक लेकरं खांद्यावर घेऊन पळाले होते. रेघ म्हणजे नाका, आणि नाक्यामागून तलवार, एवढंच गावाला ठाऊक. ज्यांना जमलं त्यांनी लेकी आधीच आणून घरात घेतल्या. मालन राहून गेली, कारण नदीला पाणी आलं आणि भोयानं नाव बांधली.

तेव्हापासून प्रयागबाईची छाती दाटून यायची. घास गिळेना, श्वास पुरेना, हातपाय गार.

“पायाची बोटं सोड, बाई,” चंपतराव सांगत होते. “पोटऱ्या सोड. अंगाखाली कापूस हाय, त्यालेच धरू दे तुले. श्वास आला तसा जाऊ दे.”

बाकी सगळं सैल झालं, पण मुठी सुटेनात. मग चंपतरावांमधला नाटकवाला जागा झाला. त्यांनी आवाज आणखी खाली घेतला आणि चित्र रंगवलं. “चैताची नदी हाय. उतारावर घोट्याइतकं पाणी. लुगडं उचल, टाक पाय. समोर मालन उभी हाय. आता तुले कायचंच भेव नाही.”

मुठी सुटल्या. प्रयागबाई लेकरासारखी झोपली. उठली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. जाताना गूळ घेऊन गेली. चंपतराव स्वतःवरच खूश होऊन गल्ल्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत धावत आला. त्याला धड बोलता येईना.

“भाऊ, ते नदीत उतरली.”

चंपतराव अनवाणीच घाटावर गेले, आणि जे दिसलं त्यानं जागीच खिळले. प्रयागबाई उतारानं, उन्हाळ्यात नदी ओलांडतात त्या वाटेनं, पाण्यातून चालली होती. पाणी कंबरेच्या वर होतं. डोक्यावर गुळाचं गाठोडं. आणि दोन बोटांत तिनं लुगड्याचा काठ धरला होता, घोटे भिजू नयेत म्हणून धरतात तसा. तो काठ पाण्याखाली कधीचाच गेला होता.

काठावर सारा गाव उभा होता. भोई दबक्या आवाजात म्हणाला, “हाका नका मारू. दचकली तं पाय सुटन.” तो आणि महिपत नाव पाण्यात ढकलू लागले. चंपतरावांना वाटलं, कालचाच आवाज लावावा, तिला हळूच मागं बोलवावं. त्यांनी तोंड उघडलं. पण तिला पाण्यात उतरवणारा आवाज तोच होता, म्हणून त्यांनी ते पुन्हा मिटलं. पाणी तिच्या छातीला लागलं. एकदा ती वाकडी झाली, गाठोडं सावरलं, पुन्हा चालू लागली. नाव मोकळी होईपर्यंत ती पलीकडच्या चिखलात चढलीसुद्धा. मागं वळून बघितलंही नाही.

चंपतराव धावत जाऊन नावेत बसले. भोयानं नाव वरच्या अंगानं घेत घेत पलीकडं लावली. तिथं ना नाका, ना शिपाई. एक म्हैस तेवढी काठावर चरत होती.

“हेच काय तुमचं मुंबई सरकार?” भोई म्हणाला.

मालनच्या अंगणात प्रयागबाई लेकीचं कोरडं लुगडं नेसून भाकरी खात बसली होती. मालन रडून लाल झालेली. महिपत बायकोवर ओरडणार, तेवढ्यात गल्लीतून एक गोऱ्हा दावं तोडून उधळत अंगणात शिरला. मालन घरात पळाली, महिपत ओट्यावर चढला. प्रयागबाई हलली नाही. गोऱ्ह्याचं शिंग तिच्या खांद्याला चाटून गेलं, आणि तिनं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

तिला नदीत बघून हादरले नव्हते एवढे चंपतराव आता हादरले. नदीचं भय काढायला गेले आणि बाईचं सगळंच भय घेऊन बसले होते.

“प्रयागबाई, पाणी किती होतं?”

“छातीला लागलं की. दिसत होतं मले.”

“मंग वापस काऊन नाही फिरली?”

“भेव वाटलं नाही, भाऊ,” ती सहज म्हणाली. “संध्याकाळी तसीच वापस जातो. वांगी तोडाची हायत.”

चंपतरावांनी तिला ओट्यावर आडवं केलं. पितळी वजन नव्हतं, कापूस नव्हता. नजर बसवायला मालनच्या हातातली बांगडी पुरली. पायाची बोटं, पोटऱ्या, पाठ, तीच वाट. पण या वेळी त्यांनी कोणतंच चित्र रंगवलं नाही.

“नदीले छातीभर पाणी हाय,” ते म्हणाले. “खरं हाय ते. भेव येईन, येऊ दे. हात गार पडतीन, पडू दे. श्वास मात्र अडवू नको. भेव आलं तरी श्वास चालतेच, बाई. चालू दे.”

प्रयागबाईच्या कपाळावर घाम आला. ओठ पांढरे पडले. छाती दाटली, पण श्वास अडला नाही. लांब आत गेला, लांब बाहेर आला. डोळे उघडले तेव्हा तिनं आधी लेकीचा हात चाचपून पाहिला आणि मग तो सोडेचना. चंपतरावांनी तिथंच मनाशी ठरवलं, यापुढं निजलेल्या माणसाला खोटं पाणी दाखवायचं नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं ते लोकांना निजवत राहिले, पण फक्त श्वास आणि सैल अंग, दुसरं काही नाही.

उतरत्या उन्हात चौघं परत निघाले. मालनच्या सासूनं कबूल केलं होतं, नाका असो नसो, दिवाळीला सून माहेरी येईल. नाव मध्यावर आली आणि प्रयागबाईनं पहिल्यांदा नदीकडं पाहिलं. गढूळ पाणी नावेच्या फळीशी घुसळत होतं. तिनं एका हातानं फळी धरली, दुसऱ्या हातानं चंपतरावांचं मनगट, नखं रुतली. दात वाजत होते, तरी श्वास ती मोजून सोडावा तसा सोडत होती.

“म्या… ह्याच्यातून आली?” ती म्हणाली.

ती मागं राहिलेल्या मालनच्या काठाकडं बघत राहिली, आणि मग एकदम भोयाकडं वळली.

“नाव वापस फिरव, बापा. पोरीले सांगाचं राह्यलं, येताना नावेतच बसजो म्हना, मायसारखी पाण्यात उतरू नको.”