डेन्झिलनं मारलेलं हरीण

डेन्झिल कोगरला शेरीफचा अधिकारी व्हायचं होतं. हसू नका. हसण्यासारखं पुढे पुष्कळ आहे.

टॅनर्स फोर्क या आमच्या गावात त्याला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून स्वारीचा मुक्काम पेट्रोल पंपावर, आतल्या कॉफीच्या मशीनशेजारच्या बाकावर. एका हातात पेपरोनी रोल, म्हणजे आत मसालेदार मांस भरलेला पाव, आणि दुसऱ्या हातानं हवेत बंदूक रोखलेली. गोष्ट मात्र एकच. ऑक्टोबरातली रात्र, शिकारीचा हंगाम उघडायला अजून अवकाश, आणि हा मर्द गडी मोठा दिवा घेऊन एकटा डोंगरात. दिव्याच्या झोतात हरीण थबकलं आणि यानं एका गोळीत लोळवलं. तेवढ्यात खालच्या रस्त्यानं चोरट्या शिकाऱ्यांना पकडणाऱ्या सरकारी वॉर्डनची गाडी आली, तर हा म्हणे मेलेल्या हरणाला मिठी मारून पाचोळ्यात पडून राहिला. ऐकणारे तेच, बाक तेच, पण दर खेपेला वॉर्डन थोडा आणखी जवळ यायचा. अलीकडे तर त्याच्या बुटाचा वासही यायला लागला होता.

त्या हरणाचं मुंडकं भुसा भरून डेन्झिलच्या घरात सोफ्याच्या वर लावलंय. शिंगांना बारा टोकं. बघण्यासारखं आहे, नाही कोण म्हणतो?

फक्त ते त्यानं मारलेलं नाही. ते मारलं त्याच्या बायकोनं, रोवीनानं, आणि तेसुद्धा मुद्दाम नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून ती घरच्या छोट्या ट्रकनं घरी येत होती. ओढ्याच्या वळणावर अंधारातून हरीण उसळलं ते थेट समोरच्या काचेवर आलं. ट्रक झाडाला भिडला, दार आत चेपलं आणि रोवीनाच्या खुब्यावर बसलं. भुवईवर काच लागली ती वेगळीच. तशा अवस्थेत तिनं वॉर्डनला फोन करून कळवलं, कारण आमच्याकडे गाडीखाली आलेलं हरीण घरी न्यायला परवानगी आहे, फक्त वेळेत सांगावं लागतं. आणि आमचा शिकारी? शिकारी टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून घोरत होता.

सकाळी त्यानं शिंगं पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. मांस फ्रीजरमध्ये गेलं, मुंडकं भिंतीवर गेलं. पंपावर कुणीतरी विचारलं, "अरे, हंगाम तर उघडलाच नाही, मग हे कुठून आणलंस?" बायकोनं ट्रकखाली घातलं, असं सांगायला जीभ रेटेना. मग आला तो दिवा, आली ती गोळी आणि आला वॉर्डन. बायको का लंगडते, असं लोक विचारायला लागले तेव्हा यानं सांगून टाकलं, ती ओसरीच्या पायऱ्यांवरून घसरली. रोवीनानं ऐकलं आणि गप्प बसली. बिनकामाच्या पुरुषाला चार माणसांत तोंड दाखवायला काहीतरी हवं, असं तिला वाटलं. अशी दया माणसानं कुत्र्यावर करावी. कुत्रा निदान शेपूट तरी हलवतो.

खुबा मात्र गप्प बसेना. शाळेच्या स्वयंपाकघरात मोठी पातेली उचलताना तिला डोळ्यांपुढे काजवे दिसायचे. डॉक्टर म्हणाले, खुबा बदलायला हवा, नाहीतर लवकरच काठी आणि मग खुर्ची. ते विम्याशिवाय होण्यातलं नव्हतं. तिचं काम अर्ध्या वेळेचं, त्याला विमा नाही. डेन्झिलला तर कामच नाही. आणि त्याच महिन्यात जिल्ह्याच्या पोलिसांत, म्हणजे शेरीफच्या ऑफिसात, जागा निघाली. पगार यथातथाच, पण विमा बायकोसकट.

"डेन्झिल," ती म्हणाली, "वयाची अट एकवीसच्या वर. तुझं कधीच झालंय. शाळा पास हवी, ती तू कशीबशी झालास. गाडीचं लायसन्स आहे. तुरुंगात गेलेला नसावा, तर तेवढी हिंमत तुझ्यात नव्हतीच. भर अर्ज."

"मी? शेरीफचा अधिकारी?" तो उठून आरशासमोर जाऊन उभा राहिला. पोट आत ओढलं. "टोपी शोभेल, नाही गं?"

"टोपी शोभेल. खालचं बघावं लागेल."

खालचं तिनंच बघितलं. दीड मैल ठरलेल्या वेळात पळायचं होतं. हा महाशय टपालपेटीपर्यंत पळाला आणि कुंपण धरून ओकला. मग रोज शाळेतून आल्यावर रोवीना ट्रकमध्ये बसून त्याच्या मागे मागे, खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत, "पळ रे, पळ! तुझ्या मागं वॉर्डन लागलाय असं समज!" लेखी परीक्षेचे प्रश्न ती रश्शाबरोबर खायची पावासारखी बिस्किटं भाजता भाजता विचारायची आणि तो चुकला की रस्सा उशिरा वाढायची. काय सांगू तुम्हाला, तो पळाला. जोर-बैठका काढल्या. लेखी परीक्षेतही निभावला. आता राहिलं काय, तर चौकशी आणि खोटं पकडणारं यंत्र.

चौकशीला शेरीफच्या ऑफिसातले लेफ्टनंट हॅमरिक आले. पांढऱ्या मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस. आमच्याकडे रीत अशी की अर्जदाराला विचारायच्या आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं. हॅमरिक सरळ पंपावर गेले. बाकावरच्या मित्रमंडळींनी मित्राचं कल्याण करायचं म्हणून सगळी गोष्ट सांगितली, दिव्यासकट, गोळीसकट, बुटाच्या वासासकट. एकाच्याही टाळक्यात आलं नाही की हंगामाबाहेर रात्री दिवा मारून हरीण पाडणं हा गुन्हा आहे आणि समोर कायद्याचा माणूस वही न उघडता ऐकतोय.

तिथून हॅमरिक घरी आले. डेन्झिल पळायला गेला होता. सोफ्यावर बसून त्यांनी मुंडक्याकडे पाहिलं.

"मिसेस कोगर, हे यानं रात्री मारलंय?"

नवऱ्याची इतक्या वर्षांची अब्रू एकीकडे आणि रोवीनाचा खुबा दुसरीकडे. तिनं भुवईवरचे केस बाजूला केले.

"हे मी मारलंय. ट्रकनं. ही बघा खूण. वॉर्डनला तेव्हाच कळवलंय, त्यांना विचारा. तो त्या वेळी घोरत पडला होता."

हॅमरिकच्या मिशीखाली हसू हललं. "मग पंपावरचं?"

"थापा. दुसरं काय येतं त्याला?"

"थापा मारणं गुन्हा नाही," ते म्हणाले. "नाहीतर अख्खा जिल्हा आत टाकावा लागेल. यंत्रासमोर त्याला खरं सांगू द्या, म्हणजे झालं. वॉर्डनशी मी बोलतो."

रोवीनानं त्या रात्री जेवणाच्या टेबलावर डेन्झिलला समोर बसवलं. "एक वाक्य. नीट ऐक. हरीण माझ्या बायकोनं ट्रकखाली घातलं. म्हण."

"सगळ्यांना कळेल की गं."

"कुणाला कळतंय? बंद खोली, तू आणि तो यंत्रवाला. म्हण."

"हरीण..." त्यानं दार बंद आहे ना ते पाहिलं, "माझ्या बायकोनं ट्रकखाली घातलं."

"परत."

तिनं ते वाक्य त्याच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. परीक्षेच्या सकाळी दाढी करताना म्हणवलं, बूट घालताना म्हणवलं. ट्रकमध्ये बसताना तो स्वतःहून म्हणाला तेव्हा तिला रडू फुटलं. तिनं त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

दुपारी तो परतला तो शीळ घालत. तिनं विचारलं, "म्हणालास?"

"अगं, तो यंत्रवाला पण शिकारी निघाला! वायरी लावता लावता म्हणतो, ऐकलंय तुमच्याकडे बारा टोकांचं आहे. आता तूच सांग, अशा माणसाला काय सांगायचं? ट्रक?"

रोवीना ओट्याला धरून उभी राहिली. "डेन्झिल. काय सांगितलंस?"

"जे झालं ते. दिवा, गोळी, सगळं. आणि ऐक ना," त्याचा चेहरा असा फुलला होता की बघवत नव्हता, "यंत्र म्हणालं, खरं! सुई जरासुद्धा हलली नाही! यंत्रवाला स्वतः म्हणाला, तुम्ही खरं बोलताय. आता त्या पंपावरच्या मूर्खांना सांगतो, सरकारी यंत्रानं शिक्का मारलाय!"

दुसऱ्या दिवशी हॅमरिक शाळेच्या मागच्या दाराशी आले. टोपी हातात होती. "मिसेस कोगर, वॉर्डनला तुमचा फोन पक्का आठवतो. म्हणजे यानं हरीण मारलं नाही. आणि यंत्र म्हणतं तो खरं बोलतोय. अधिकाऱ्याला कोर्टात शपथेवर साक्ष द्यावी लागते. चोर परवडला. चोराला निदान ठाऊक असतं आपण काय केलं ते. याला मी कसा उभा करू?"

तिनं त्यांना एक गरम रोल दिला, कारण माणूस सांगायला स्वतः चालत आला होता. मग संध्याकाळपर्यंत ती पातेली घासत राहिली.

घरी आली तर डेन्झिल स्टुलावर चढून मुंडक्याच्या वर छोटा बल्ब लावत होता. नोकरी गेल्याचं त्याला फोनवर कळलं होतं. "त्यांच्याकडे माणसाची पारखच नाही," एवढं बोलून त्यानं ते दुःख संपवलं होतं.

"जरा स्टूल धर गं."

ती स्टुलापाशी गेली नाही. लंगडत सोफ्याशी आली, हात टेकून एका कुशीवर कशीबशी बसली आणि त्याच्याकडे वर बघितलं.

"डेन्झिल, एक विचारू? माझा खुबा कशानं मोडला?"

त्यानं बल्ब फिरवणं थांबवलं. खाली पाहिलं. डोळ्यांत लबाडी नव्हती, शरम नव्हती, काहीच नव्हतं. होती ती फक्त काळजी, आणि ती अगदी खरी होती.

"अगं, असं काय करतेस?" तो म्हणाला. "ओसरीच्या पायऱ्यांवरून पडली होतीस ना तू. मीच तर उचलून आत आणलं."