सरकारी बादली

“अर्धा तास कोणी विहिरीला हात लावायचा नाही,” मी सांगितलं आणि घड्याळ पाहिलं.

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या एका गावात माझी कॉलऱ्याची ड्यूटी होती. मी आरोग्य केंद्राची नर्स. टँकर विहिरीत रिकामा झाला की मी त्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी पांढरी पावडर, कालवून ओतायचे. ती भिनायला अर्धा तास लागतो. शिवाय घरोघरच्या घागरी आत सोडायच्या नाहीत, सगळ्यांनी एकाच धुतलेल्या बादलीने पाणी काढायचं, असा मेडिकल ऑफिसरांचा हुकूम होता.

अडचण वेगळीच होती. बौद्धवाड्यातला आड आटला होता. तिथल्या बायका गावाच्या विहिरीपासून दहा पावलांवर घागरी मांडून बसायच्या. गावातली कोणी वरून ओतेल तेव्हा पाणी. त्यांच्यातल्या कौशाबाईची सून दोन दिवस जुलाबाने पडून होती. तिला मीठसाखरेचं पाणी पाजत राहा, असं मी सकाळी सांगून आले होते. घरात तांब्याभरही पाणी नव्हतं.

गावाचा पाणवठा एकच असावा, म्हणून शहरातले कार्यकर्ते महिन्यापूर्वी सभा घेऊन गेले होते. टाळ्या पडल्या होत्या. घागरी होत्या तिथेच राहिल्या.

तो अर्धा तास मला अजून आठवतो. ऊन इतकं पांढरं की समोरची टेकडी हलताना दिसत होती. पाण्यावर पावडरीचा पातळ पदर सावकाश फिरत होता. सावली एकाच लिंबाची, म्हणून दोन्हीकडच्या बायका सरकत सरकत तिच्यात आल्या. कोणाचा डोळा लागला. कोणी जात्यावरची ओवी गुणगुणलं, आणि पुढची ओळ पलीकडच्या बाजूने आली. हे गाव पहिल्यापासून असंच आहे, असं क्षणभर मला वाटून गेलं.

वेळ झाली. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पिवळं झालं, म्हणजे पाणी ठीक.

“पहिलं कोण आलं होतं?”

“मी,” कौशाबाई म्हणाली.

मी दोरी तिच्या हातात दिली. सरपंच आबा पुढे आले.

“बाई, बादली ही सोडनार व्हय हिरीत?”

“आबा, बादली सरकारी आहे.”

“म्हंजी?”

“म्हणजे तुमची नाही, तिचीही नाही. तुमच्या घरच्यांनाही हीच.”

“आन दोरी?”

“तीही सरकारी.”

आबांची म्हातारी चुलती मागून कडाडली, “आरं, सरकारच्या बादलीला कसली आलीय जात? सभंला टाळ्या कोन वाजवीत हुतं? तूच ना? सर बाजूला, माजा घसा वाळलाय.”

बायका हसल्या. आबा हसले नाहीत, पण सरले.

कौशाबाईने बादली आत सोडली. पहिल्या खेपेला अर्धं पाणी सांडलं.

“लई जड हाय वो, बाई.”

“भरलेली आहे म्हणून. ओढा.”

सून वाचली. आबांच्या घरच्यांनी तीन दिवस त्या विहिरीचं पाणी नेलं नाही. चौथ्या दिवशी त्यांची बायको रांगेत उभी राहिली, कौशाबाईच्या मागे. रिपोर्टात मी एवढंच लिहिलं: टीसीएल टाकले, पाणी योग्य.

सभेने गावाला लाज दिली होती, मी सबब दिली. नुसत्या लाजेने घागर भरत नाही. पण सभा झाली नसती, तर माझी सबब कोणी ऐकूनही घेतली नसती.