मैदानावरच्या सुया

लातूरच्या ज्या मैदानावर मी रोज सकाळी चालते, तिथल्या झाडूवाल्या मावशी चिमट्याने सुया वेचायच्या. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पळण्याआधी ताकदीचं इंजेक्शन टोचून घेत आणि सुया तिथेच टाकत. मैदान समितीला द्यायच्या तक्रारींच्या यादीत मी लिहिलं, 'अशा मुलांना मैदानबंदी करावी.'

"ते खोडा की ताई," मी यादी वाचून दाखवल्यावर मावशी म्हणाल्या. "इथं कुणी चक्कर येऊन पडलं तर मी पाणी पाजते. हाकलल्यावर कुठं पडतेत, कुणाला दिसन?"

मी खोडलं नाही. बंदी आली, सुया दिसेनाशा झाल्या, मी यादीतल्या त्या ओळीवर काम झाल्याची खूण केली. महिन्याभराने कुंपणामागच्या बाभळीत एक मुलगा मेलेला सापडला. शेजारी सुई होती.

आता झाडून झालं की मावशी पाण्याची बाटली घेऊन बाभळीत फेरी मारतात. जाताना माझ्याकडे बघत नाहीत.