सदाफुलीखालची जागा

मी एका म्हाताऱ्या बाईच्या आईची खूण मुळासकट उपटून टाकली. टाकली ती टाकली, वर तिचा ढीग करून फोटो काढला आणि ग्रुपवर पाठवला.

नोकरी माझी नाशिक रोडच्या प्रेसमधली. जन्मभर काम एकच, छापून आलेल्या कागदातली चूक शोधायची. निवृत्त झाल्यावर डोळे रिकामे राहीनात. एकदा देवळाली कॅम्पाकडे एका नातेवाइकाचं नवं घर बघायला निघालो, रस्ता चुकलो आणि घाणेरीच्या जाळीत शिरलो. गुडघ्याला दगड लागला. कळ ओसरल्यावर पाहिलं तर दगडावर इंग्रजी अक्षरं. जुनी दफनभूमी होती ती. नातेवाइकाचं घर आजतागायत बघायचं राहिलंय.

तेव्हापासून तिथं जातोय. रस्त्यावरचे लोक विचारतात, "तुमचं कोण आहे इथं?" कोणी नाही म्हटलं की माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. घरी बायकोचं म्हणणं आणखी सरळ. "आपल्यात राखसुद्धा नदीला सोडून मोकळं होतात. तुम्ही खुशाल परक्यांच्या मेलेल्यांना आंघोळी घाला. इथं मोरीतला नळ गळतोय."

आंघोळी घालतो हे खोटं नाही. दगडावर पाणी मारायचं, मग बाजूने आरशाने ऊन पाडायचं, म्हणजे झिजलेली अक्षरं जरा वर येतात. तोफखान्यातल्या एका गोऱ्या पोराच्या दगडासमोर मी अख्खा हिवाळा असा आरसा धरून बसलो. तो तापाने गेला एवढं कळलं. विलायतेत त्याच्या घराण्यातलं कोणीतरी शोधून काढलं, मेल पाठवला. उलट एक आभाराचा मेल आला. त्यानंतर काही नाही. मला नेमकं काय यायला हवं होतं, हे मलाही सांगता येणार नाही.

पहिला उत्साह कधीच संपला. पाठ धरते. घाणेरी कापावी तर पावसाळा संपेस्तोवर ती पुन्हा कमरेला. पुरातत्त्ववाले म्हणतात, ही आमची नाही. बाकीचे म्हणतात, पुरातत्त्ववाल्यांना विचारा. तरी सकाळी उठलं की पाय बसस्टॉपकडे वळतात. याला आवड म्हणावं की सवय, ठाऊक नाही.

तर यंदा ऑक्टोबरात गवत फार माजलं होतं. त्या तोफखान्यातल्या पोराचा दगड आणि पलीकडचा कडुलिंब, यांच्यामधला पट्टा गुलाबी फुलांच्या झुडपांनी भरून गेलेला. दगड एकही नाही. म्हणजे रिकामी जागा, असा मी हिशेब केला. विळा-खुरपं घेऊन बसलो आणि सगळा पट्टा ताटासारखा लख्ख केला. ग्रुपवर 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो टाकले. अंगठ्यांचा पाऊस पडला. दोन दिवस मी घरातही जरा ताठ चालत होतो.

नोव्हेंबर लागला. मृतांचा दिवस आला. त्या दिवशी ख्रिस्ती घरांतली माणसं आपापल्या कबरी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. या जुन्या जागेत आता कोणी येत नाही, अशी माझी समजूत. पण एक रिक्षा थांबली. तिच्यातून काठी टेकत एक वयस्कर बाई उतरल्या. हातात झेंडूची माळ, पिशवीत मेणबत्त्या. घर माझंच असल्यासारखा मी पुढे झालो.

"या, या. सगळं साफ करून ठेवलंय."

बाई पट्ट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "इथली सदाफुली कुठंय?"

"तो कचरा ना? काढला सगळा."

"कचरा?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. "अहो, माझी आई आहे तिथं."

मग उभ्याउभ्याच सांगितलं. दगड बसवायची ऐपत नव्हती. लाकडी क्रूस लावला, तो वाळवीने खाल्ला. म्हणून वडिलांनी कबरीवर सदाफुली लावली. ते गेल्यावर दरवर्षी येऊन या बघायच्या. गेली काही वर्षं पुण्याला मुलाकडे असतात, येणं होत नाही. "हे गुडघे बघा. पुढच्या वर्षी आणतो म्हणाला तरी यायला जमेल का? सांगा, आता मेणबत्ती कुठं लावू?"

मी जमिनीकडे बघत राहिलो. जमीन सगळीकडे सारखीच लख्ख. त्या गोऱ्या पोराचं सगळं घराणं मला पाठ होतं. एवढ्यात फोटो आठवले.

"थांबा, 'आधी'चे फोटो आहेत माझ्याकडे!"

बाईंनी चष्मा लावला. एकेक फोटो सरकवू लागल्या. "हे कोण?"

"मी."

"आणि हे?"

"मीच."

"फुलं कुठंयत?"

"माझ्यामागे असतील."

कमरेवर हात ठेवून, डोक्यावर टोपी घालून मी प्रत्येक फोटोत मध्यभागी. शेवटी एक पूर्ण उभा फोटो सापडला. गोऱ्या पोराचा दगड माझ्या खांद्यामागे, कडुलिंबाची फांदी टोपीला टेकलेली, आणि दोन्ही बूट गुलाबी फुलांत. बुटांजवळच्या सगळ्यात जाड झुडपावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "हेच वडिलांनी लावलेलं."

बाई आयुष्यभर नर्स होत्या, हे मला त्यांनी सांगण्याआधीच कळलं.

"फोन माझ्याकडे द्या. तुम्ही तिकडं व्हा. मागे. अजून मागे. तिकडं नाही हो, झाडाकडं! टोपी घाला."

"टोपी कशाला?"

"फांदीचा अंदाज येत नाही. घाला म्हणते ना."

घातली. उन्हात घाम पुसत त्या म्हणतील तसा सरकत राहिलो. रिक्षावाला बिडी विझवून बघायला आला. खांद्यामागे दगड आला, टोपीवर फांदी आली. बाईंनी फोनात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनात पाहिलं.

"हं. हीच जागा."

मला एकदम हलकं वाटलं. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच माझा कुणाला तरी उपयोग झाला होता. सवयीने हात कमरेवर गेले.

बाईंनी माळ सोडवली, वाकायला काठीचा आधार घेतला आणि माझ्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "आता उतरा तिथनं. आईच्या छातीवर उभे आहात."